ओळ एकशे अठरा

तीन तारखेला हेड ऑफिसने नवं सॉफ्टवेअर चढवलं,
सहा तारखेला पगार निघेना.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
पोटमाळ्यावर आमचं अकाउंट्स,
खाली पॉवर प्रेस.
दर ठोक्याला माझ्या कपातला चहा
एक वर्तुळ काढतो आणि पुसतो.

शीटवर एक जांभळं बटण आहे, 'पगार करा'.
मिस्किटा मॅडमनी रिटायर व्हायच्या आधी
आठ वर्षं बसून बनवलेलं.
दाबलं की बावन्न माणसांचे बावन्न कागद.
मला त्यांची खुर्ची मिळाली, उशीसकट,
आणि हे बटण. आत काय आहे ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आधी म्हणाला, लायब्ररी सापडत नाही.
यादीत जाऊन एक टिक काढली.
मग म्हणाला, चौसष्ट बिटांसाठी दुरुस्त करा.
तीन ठिकाणी एक शब्द चिकटवला,
अर्थ अजून माहीत नाही.
मग काहीच म्हणाला नाही,
एरर तेरा एवढंच,
आणि एक ओळ पिवळी करून उभा राहिला.

वरून वाचत आले, एकेक ओळ, एफ-आठ दाबत.
मध्ये मध्ये मॅडम भेटत होत्या
हिरव्या अक्षरांत, इंग्रजी लिपीतल्या मराठीत:
इथून पुढं हात लावू नका, पीएफ आहे.
हे दामले साहेब म्हणाले म्हणून. मला पटलेलं नाही.
फेब्रुवारीत जपून.

ओळ एकशे अठरा.
टोकन बत्तीस असेल
आणि वार मंगळ किंवा शुक्र,
तर उशीर शून्य.
शेजारी हिरवं:
वेखंडे. बायकोचं डायलिसिस, कळवा.
साहेबांना विचारलेलं नाही.

खाली ठोका पडला. चहात वर्तुळ.

मॅडम तारखा टिंबं देऊन लिहायच्या,
जुन्या मशीनलाही टिंबाची सवय लावून ठेवलेली.
नव्याला तिरकी रेघ हवी.
टिंबाची तारीख त्याला तारीख वाटेना,
म्हणून वार सांगता येईना.
बाकीच्या सगळ्या ओळी नुसते दिवस मोजतात.
वार विचारणारी
अख्ख्या मॅक्रोत ही एकच.

बावन्न जणांचा पगार तिच्यापाशी अडला होता.

सेटिंगमध्ये रेघ पुसून टिंब घातलं.
पिवळं गेलं.

वेखंडेची बायको जाऊन दोन वर्षं झाली.
तेराव्याला आम्ही तिघी गेलो होतो, रिक्षा करून, दिव्याच्याही पुढं.
आता तो आठला दहा कमी असताना पंच करतो,
मंगळवारी, शुक्रवारी, रोजच.
म्हणजे ही ओळ काय करते,
तर महिन्यातून आठ-नऊ वेळा
शून्याच्या जागी शून्य ठेवते.

काढून टाकावी.
आधी नुसता स्वल्पविराम टांगला तिच्या डोक्यावर,
ती हिरवी झाली, गप्प झाली.
चालवून पाहिलं तर खालचा 'एंड इफ' ओरडला,
माझा 'इफ' कुठाय.
त्यालाही गप्प करता आलं असतं,
अजून एक स्वल्पविराम, अर्धा सेकंद.
मी पहिलाच काढून घेतला.

साडेसहाला बटण दाबलं. कागद आले.
साहेब जिन्यातूनच म्हणाले, काय झालं होतं?
एक टिंब, म्हटलं.
एवढंच?
एवढंच.

वेखंडे शेवटी आला, हात पुसत,
चष्मा नसल्याने कागद लांब धरून.
इथं काय लिहिलंय मॅडम, उशीर?
शून्य, म्हटलं.
हां, म्हणाला, ते असतंच.
चार घड्या घालून खिशात टाकला
आणि जिना उतरता उतरता थांबून
मिस्किटा मॅडम बऱ्या आहेत ना, विचारलं.