परत आल्याची वेळ

रस्ता चौपदरी होतोय, म्हणून टिनाचं शेड पाडायचं आहे.
लोखंडी पेटीत, पाने आणि फाटक्या ट्यूबांखाली
ही वही निघाली.
पुठ्ठ्यावर ग्रीसची बोटं,
आत माझंच अक्षर, दुसऱ्या वर्गातलं,
ओळीबाहेर सांडणारं.

बाबांना लिहिता येत नव्हतं.
शाळा सुटली की मी जिनाच्या फाटकासमोर
सरकीच्या पोत्यावर बसायची.
बाबा चाकाच्या आऱ्या आवळत सांगायचे, लिही :
चार नंबर. गुलाब गेडाम. भोंग्यानंतर थोडं.

घड्याळ नव्हतं आमच्याकडे.
जिनाचा भोंगा होता,
आणि दोन भोंग्यांमधली वेळ
बाबा कडुलिंबाच्या सावलीवरून काढायचे.
तासाला पन्नास पैसे.
त्या सावलीशी कोणी भांडलं नाही.
एकदाच रहेमत टेलर म्हणाला,
“आभाळ आलं गा मारोतराव, आता कसं करता?”
“मंग आज अर्धा तास फुकट,” बाबा म्हणाले.

सायकली सात.
एकीला घंटी, एकीला ब्रेक,
दोन्ही एकीला कधीच नाही.

मी वाचत बसते.
चार नंबर, गुलाब गेडाम, आर्वीचा दवाखाना, बायकोचे पाय सुजले.
दोन नंबर, देविदास भोयर, पोरगी पाहाले.
पुढच्या पानावर पुन्हा दोन नंबर, देविदास भोयर,
पोरगी पाहाले, गाव दुसरं.
सहा नंबर, शाळेतले तिघं एकीवर,
पाण्याच्या टाकीपर्यंत.
परत आल्याच्या रकान्यात मी लिहिलंय : रडत.

कुठे जाताय, हे विचारायची गरज नव्हती.
मीच आगाऊपणानं विचारायची,
आणि लोक सांगायचे.
सात वर्षांच्या पोरीला
अख्खं गाव कुठे जातं ते माहीत होतं.

पानं उलटावीत तसं अक्षर सुधारत जातं
आणि नावं विरळ होतात.
देविदासनं लुना घेतली, बायको मागे, दोन पोट्टे पुढे.
गुलाबचा पोरगा वर्ध्याला गेला तो तिकडचाच झाला.
एका दिवाळीनंतर भोंगा वाजलाच नाही.
बाबा दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला
किती वाजले विचारत होते,
तिसऱ्या दिवशी उधारीवर घड्याळ आणलं.
मग त्याच टिनात एसटीडीचा पिवळा डबा,
मग रिचार्ज, मग भावाचं झेरॉक्स मशीन.
रांग आजही लागते, पीक विम्याच्या फॉर्मसाठी.
पण कुठे जाताय, कोणी सांगत नाही.
खरं तर कोणी विचारतही नाही.

आणि हे पान.
आठवीतलं माझं वळणदार अक्षर.
सात नंबर. पंचफुला तागडे. पुलगाव.
नर्सबाईचा फॉर्म भराले.
एकोणनव्वद, जुलै, सकाळचा भोंगा.
परत आल्याची वेळ :
कोरी.

गाव म्हणालं, पळाली.
गाव म्हणालं, सायकल विकून भाडं केलं.
पंचफुलाच्या मायनं पाच रुपये आणून दिले,
बाबांनी घेतले नाहीत.
मी रेघ मारायला पेन टेकवला
तर म्हणाले, “राहू दे. येईन थे.”

आज मोबाइलवर हिशोब केला.
पस्तीस वर्षं, तासाला पन्नास पैसे.
दीड लाखाच्या वर जातात.

बाबांना आता दिसत नाही.
ओसरीत खाटेवर, संध्याकाळी,
मी त्यांना वही वाचून दाखवते.
देविदासच्या पानावर हसतात.
गुलाबच्या पानावर हात वर करतात,
म्हणजे थांब.
आकडा सांगितला, दीड लाख, बाबा, सात नंबरचे,
तर ऐकलंच नाही त्यांनी.
बोटं खाटेच्या सुंभावर फिरत राहिली,
काहीतरी चाचपत, ताण पाहत.

“तिची चेन ढिली होती वं,” म्हणाले.
“तिले सांगाचं राह्यलं.”