दोन्हीकडे एकच

शेवटची फेरीबोट धक्क्याला लागते
तेव्हा तिकिटांची चामडी पिशवी माझ्या मांडीवर टाकून
तू मागच्या खोलीत जातोस.

कीबोर्ड गुहागरच्या बँडवाल्याचा, हप्त्यांनी घेतलेला.
एक कोमल निषाद मुका आहे.
खाऱ्या हवेनं खाल्ला, म्हणतोस,
आणि दुरुस्त करत नाहीस.
त्याला वळसा घालून चाल बांधतोस,
ओहोटीला वाळूचा दांडा चुकवत
बोट धोपाव्याकडे वळते, तसा.

तुझ्या गाण्यांना शब्द नसतात.
इंजिन बंद होण्याआधीची घरघर
मोबाइलात भरून आणतोस, निम्म्या वेगानं सोडतोस.
लोखंडी फळी सिमेंटवर टेकते तो ठोका
इतका संथ केलायस
की दोन ठोक्यांमध्ये माझी भाकरी उलटून होते.

रज्जाक नाखवा हसला होता,
"गजाभाऊ, ह्याच्यावर वरात नाचायची कशी?"
तू म्हणालास, नाचायचं नाय. थांबायचं.

दीप्ती पोटात होती त्या साली
तापात माझा डावा कान गेला.
डेरवणच्या डॉक्टरांनी मान हलवली.
येताना एसटीत तू काहीच बोलला नाहीस,
फक्त रात्री तुझी उशी
माझ्या डाव्या हाताकडून उचलून
उजव्या हाताला ठेवलीस.
तेवीस वर्षं झाली. बाजारात, लग्नात, बोटीच्या कठड्याशी
तू असतोस उजवीकडे.
मी कधी विचारलं नाही,
तू कधी सांगितलं नाहीस.

भांडण झालं की मी उजव्या कुशीवर निजते.
तोंड तुझ्याकडे, ऐकू शून्य.
तुला वाटतं, समेट झाला.

परवा दीप्ती आली रत्नागिरीहून,
तिनं तुझं गाणं हेडफोनवर लावलं,
एक बोंडी काढली, दुसरी काढली, परत घातली.
"आई, बाकीच्यांच्या गाण्यात
इकडे वेगळं वाजतं, तिकडे वेगळं.
बाबांच्या सगळ्या गाण्यांत
दोन्हीकडे एकच."

तू चहात खारी बुडवत होतास.
"तार जळली असेल," म्हणालास.
खारी तुटून चहात पडली.

तार जळलेली नाही.
तुझ्या बोटांना डागाचा वास येतो, मला कळतं
तू काय जोडतोस ते.
सतरा गाणी मोजली मी,
पहिलं दीप्तीच्या बारशाच्या आधीचं.
सतराही गाण्यांतलं एक टिंबसुद्धा
माझ्या मेलेल्या बाजूला सांडलेलं नाही.

अंजनवेलचा दिवा भिंतीवरून फिरून गेला.
पहिली फेरी साडेसहाला, डबा भरायचाय,
कोलीम संपलंय, उद्या आठवणीनं आण.
आता ते नवीन लाव,
ज्यात शेवटी साखळी ओढल्याचा आवाज आहे.
हळू लाव. शेजारी निजलेत.

मी डाव्या कुशीवर वळलेय.
पाठ तुझ्याकडे आहे,
रागावू नकोस.