तळाशी बसणारं

डब्याच्या पिवळ्या टोपणाखाली
सात ग्रॅमचं एक पाकीट.
डब्यावर मोठ्या अक्षरांत लागर,
पाकिटावर नुसतं यीस्ट.
वाण कोणता, ते नाही.
परभणीत असं बियाणं कुणी विकलं
तर दुकानाला कुलूप लागतं.

व्यंकट म्हणाला, टाक तेच, अक्का,
सगळे तेच टाकतात.
आणि ड्युसबर्गला परत गेला
डबा ओट्यावर ठेवून,
खोलीतला पंखा तसाच चालू ठेवून.

मी तेवीस वर्षं प्रयोगशाळेत
दुसऱ्यांची विरजणं सांभाळली.
ज्वारीच्या आंबिलीचं, दह्याचं,
एका पीएच.डी.वाल्याचं, जो नंतर आलाच नाही.
म्हणून पाकिटातलं चिमूटभर
आधी काचेवर घेतलं, निळा थेंब सोडला.
मेलेल्या पेशी निळ्या पडतात.
जिवंत असतात त्या रंग आत ठेवून घेत नाहीत.
निम्म्या निळ्या होत्या.

उरलेल्यांना ग्लासभर साखरपाणी दिलं.
उबेत खूश, वर येऊन फेसच फेस,
दोन दिवसांत सगळं उरकून
मागे पिकल्या केळ्याचा वास.
वाईट नाही. घाईच्या घरात चालेल.

मला दुसरं हवं होतं,
गारठ्यात हात न आखडता
तळाशी बसून काम करणारं.
पुण्याहून मागवलं, दोन पाकिटं,
थंडीत एकानं भागत नाही.
कुरिअरवाल्यानं बर्फाची पिशवी दाबून पाहिली,
"काय मागवायलाव मॅडम, इंजेक्शन?"

मग नोव्हेंबरभर
विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा.
सोळा. चौदा.
ढग आले, एकोणीस.
तूर फुलात होती, सगळे ढगांना शिव्या देत होते.
मीही दिल्या,
माझं कारण सांगितलं नाही.

डिसेंबरच्या नवव्या रात्री आठ पूर्णांक चार.
पेपरात परभणी गारठली, शेकोटीचा फोटो.
उत्तरेकडच्या न्हाणीत बादली मांडली,
तेवीस लिटर,
भोवती ओलं गोणपाट, थर्मामीटर दोरीनं बांधलेला.
दोन्ही पाकिटं सोडली.
झाकणावर पाण्याची नळी.

पहिला दिवस काही नाही.
दुसरा दिवस काही नाही.
पद्मीनबाई दारातून डोकावल्या,
"कोण बाळंतीण हाय का आत?
दिवसातून धा येळा जाऊन बघायलाव."

तिसऱ्या पहाटे
डुबुक.
मी दात घासत उभी.
बराच वेळ.
डुबुक.

व्यंकटला व्हिडिओवर दाखवलं.
फेस कुठंय? म्हणाला.
हे वर येत नाही, म्हटलं, तळाशी बसतं.
हसला. तुझ्यासारखंच की.

नाही रे.
मी इथं बसले
कारण आबांच्या खाटेजवळ कुणीतरी बसायला हवं होतं
आणि तुझं तिकीट आधी आलं.
याचं तसं नाही.
याला तळच मानवतो.
हे बोलले नाही, त्याची बस येत होती.

दहाव्या दिवशी लोण्याचा वास आला.
घाबरायचं नसतं, मला माहीत होतं, तरी घाबरले.
बादली ओढत स्वयंपाकघरात आणली,
शेगडीपासून हातभर लांब,
दोन दिवसांची ऊब.
तेवढ्यात ते
आपलं खरकटं आपणच उचलून घेतं.
वास गेला.
इतकं शहाणपण
मी माणसांत फार कमी पाहिलंय.

पुन्हा न्हाणी. पुन्हा गोणपाट.
संक्रांतीला थंडी मोडायच्या आत बाटल्या भरल्या.
गव्हाच्या काडासारखा रंग,
केळं नाही, लोणी नाही,
जवळजवळ काहीच नाही,
आणि मग घोटाच्या शेवटी
जरासं कडू.

बादलीच्या बुडाचा साय-पिवळा गाळ
जॅमच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलाय.
चिठ्ठीवर वाण, तारीख, माझं आडनाव.
पुढच्या गारठ्यापर्यंत टिकेल की नाही, माहीत नाही,
निळा थेंब सांगेल.
शेजारी दह्याचं विरजण, तशीच बरणी.
पद्मीनबाई वाटी घेऊन आल्या
की हल्ली मी
आधी चष्मा लावते.