नऊ व्होल्ट

थॅडियस विल्कॉटनं बेस गिटार माझ्या टेबलावर ठेवली
जनावरांच्या डॉक्टरकडे म्हातारं कुत्रं ठेवावं तशी,
एक हात तिच्यावर तसाच राहू देऊन.
टोलेडोत फेब्रुवारी होता, मॉमी नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली.
त्याच्या बुटांचा बर्फ माझ्या फरशीवर पाणी झाला.

"जोर राहिला नाही," म्हणाला, आणि उजवी बोटं दाखवली,
आल्यासारखी गाठाळ.
"खर्ज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.
पास्टर म्हणतो, आवाज वाढव.
आवाज नाही गं. जोर."

एकतीस वर्षं मी जीपच्या कारखान्यात
डॅशबोर्डमागच्या तारा जोडल्या.
मला फरक कळतो.

नवे पिकअप सांगितले. उलट्या वेढ्यांची दोन वेटोळी,
एकाची घरघर दुसरं गिळून टाकतं.
पाठीत एक छोटं सर्किट, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी.
"तुझी बोटं कुजबुजतील, ते बोलून दाखवेल."
"आणि बॅटरी संपली तर?"
"बटण देते एक, जुन्या वाटेनं जाणारं."
"नको. मागं जायची सोय नको.
आणि हिला आणखी भोकं नकोत."

तो गेल्यावर स्क्रू कॉफीच्या झाकणात काढले.
पाठ उघडली. आत
लाकडाचा भुसा, एक वाळलेली माशी,
आणि पुलाखालून येणाऱ्या तारेवर
कुणीतरी दिलेला डाग: करडा, फुगलेला, कच्चा.
फोन केला. हे काम कुणाचं?
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
"एडसेलचं. माझ्या भावाचं. स्टोव्हवर सुरी तापवून केलं होतं.
आई ओरडली होती सुरीसाठी."

बाकी सगळं उपटलं.
पोकळीला तांब्याचा पत्रा लावला,
नव्या तारांच्या टोकांना कल्हई केली,
राळेचा धूर डोळ्यांत गेला आणि मी शिव्या दिल्या.
एडसेलचा डाग मात्र काढला नाही.
इस्त्री टेकवून थांबले.
त्याचंच कथील त्याच्यातच वितळलं,
चमकलं, बसलं.
ही अर्थिंगची तार. वाजवणाऱ्याचा हात पोलादावर पडला
की उरलीसुरली घरघर याच वाटेनं गप्प होते.
इतकी वर्षं थॅडियसला गप्प करत होता
तो भाऊच म्हणायचा.

आणि एक गोष्ट न विचारता केली.
टोनची कळ बदलली. दिसायला तशीच,
पण वर ओढली की बॅटरी बाजूला, सर्किट बाजूला,
फक्त चुंबक, तार आणि माणूस.
भोक पाडलं नाही. शब्द पाळला, अर्धा.

मार्चभर ती वाजली म्हणे. मागच्या बाकावरची पोरं
छातीवर हात ठेवून बसायची.

मग लिओटा ग्राइम्सच्या अंत्यविधीनंतरच्या मंगळवारी
तो आला, काही न बोलता
टेबलावर बॅटरी ठेवली.
"जिभेला लाव."
लावली. झिणझिणी नाही, काही नाही,
नुसतं गार पत्र्याचं तोंड.
"दुसऱ्या कडव्यात मेली. मी सगळ्या कळा
चोरासारख्या चाचपल्या. एक हातात वर आली."
मी सोल्डरची रीळ उगाच गुंडाळत बसले.
"मागं पोचलं?"
"नाही." टोपी फिरवली बोटांत. "पाचव्या बाकापर्यंतही नाही.
पण तिचा नवरा पहिल्या बाकावर होता.
त्यानं मान वर केली."

नवी बॅटरी बसवली. तीन डॉलर. त्यानं मोजून दिले,
वरचे सेंटसुद्धा.
पेटी बंद करण्याआधी मी पाहिलं,
कळ अजून वरच होती.
मी ती खाली दाबली नाही.