पस्तीस मिलिलिटर

सिगारेटी आधी दोन दिवस निजवून ठेवायच्या,
बावीस अंशांत, साठ टक्के दमट हवेत.
इतके लाड मी पोरांचेही केले नाहीत.
खाली बालाटोन तळ्यावर धुकं आहे म्हणे;
आमच्या खोलीला खिडकी नाही.

यंत्राला वीस तोंडं.
मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा,
पस्तीस मिलिलिटर, रतीभर इकडे नाही की तिकडे नाही.
ते रागाच्या भरात ओढत नाही.
कुणाची वाट बघत ओढत नाही.
पेन्सिलीच्या रेघेशी निखारा आला की सोडून देतं,
असं सोडणं आमच्यात कुणालाच जमलेलं नाही.

झुरका मापात आहे का, ते बोटोंड बघतो
साबणाच्या फुग्याने.
काचेच्या उभ्या नळीत ओला पापुद्रा
थरथरत चढतो, पस्तिशीच्या खुणेवर थांबतो.
एकोणीस वर्षं झाली,
अजूनही तो दर वेळी श्वास रोखून बघतो.

पलीकडे उंदीर.
तिथे धूर नाही, रंगाच्या कारखान्यातून आलेलं काहीतरी,
ज्याला अजून नाव नाही, नुसता क्रमांक.
एकेकाला एकेक नळी, बाहेर फक्त नाक.
चार तास.
मग चौदा दिवस बघत राहायचं:
केस पिंजारलेत का, डोळ्यांना पाणी आहे का,
श्वास कसा.
मी "धाप" लिहिते. रकाना तेवढाच आहे.
सतरा नंबर माझा हातमोजा हुंगतो.
त्याला रकाना नाही.
पंधराव्या दिवसाची वही वेगळी. ती इबोयाच्या कपाटात असते.

जेवणाच्या सुट्टीत बोटोंड मागे अक्रोडाखाली उभा.
एकदा मी गमतीने घड्याळ लावलं:
झुरका चार सेकंदांचा,
आणि पुढचा अकरा सेकंदांतच.
मग बोटं दिसली.
फिल्टरभोवती सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात.
यंत्र ती उघडी ठेवतं,
बाहेरची हवा मिसळते, आकडा हलका येतो,
पाकिटावर बारीक अक्षरात छापून जातो.
बोटोंडच्या बोटांखाली ती सगळी बुजलेली.

"तुला माहीत आहे ना?"
"मीच तर मोजतो," म्हणाला.
बोटं हलवली नाहीत.
अक्रोडाचं एक हिरवं फळ पडलं,
दोघांनी उगाच वर बघितलं.

आत आलो. साबणाचं पाणी संपत आलं होतं,
मी नवं कालवलं.