फुली

रविवारी सकाळी मी दानपेटी मोजतो,
रविवारी रात्री मतपेटी.
हात तेच.

माझं नाव वित्सेंती. गाव ओल्शोव्का,
पोलंडच्या पूर्व टोकाला, सीमेपासून सायकलनं अर्धा तास.
पंचेचाळीस वर्षं चर्चची घंटा ओढतोय,
उजवा खांदा उतरलाय,
शिंप्याला दर वेळी सांगावं लागतं.

आज फादर हिएरोनिम प्रवचनाला उभे राहिले.
मतदानाच्या दिवशी प्रचाराला बंदी, हे त्यांनाही ठाऊक.
नाव घेतलं नाही. कुणाचंच नाही.
फक्त म्हणाले, मेंढराला आपल्या मेंढपाळाचा आवाज कळतो,
आणि थांबले.
किती थांबले!
मेणबत्तीचा एक थेंब ओघळून थिजेपर्यंत.
त्या शांततेत मला एक नाव स्वच्छ ऐकू आलं.
बेकरीवाल्या ल्युत्सिनालाही आलं असणार,
तिनं नाक शिंकरलं, जरा जास्तच जोरात.

दानपेटीत चारशे बारा झ्वोटी आणि एक बटण.
बटण दर रविवारी असतं.
कुणाचं, ते मला माहीत आहे.
डबीत टाकतो. बोलत नाही.

शाळेत तिसरीचा वर्ग, फळ्यावर क्रूस.
दुपारी वॉर्सॉहून आलेली एक मुलगी म्हणाली,
आजच्या दिवसापुरता उतरवा तो.
मी शिडी आणायला निघालो, खरंच निघालो होतो,
तेवढ्यात कुणीतरी म्हणालं,
आणि भिंतीवरची खूण? ती कशी उतरवणार?
तीस वर्षं टांगलेल्या क्रुसामागे
भिंत तेवढीच गोरी राहते.
क्रूस राहिला.
मुलीनं मत दिलं, त्याच्याकडे पाठ करून.

रात्री नऊला दार लावलं, पेटी उपडी केली.
नियम सोपा: चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा.
फुली. बस्स.
कुणाची घाईची, बस सुटायच्या बेतात असल्यासारखी,
कुणाची कागद फाटेस्तोवर गिरवलेली,
एकानं सगळ्या चौकटी भरल्या, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.
आणि मग ती एक मतपत्रिका.

फुली नव्हतीच. क्रूस होता.
लांब उभी रेघ, वर आखूड आडवी, मग मोठी,
आणि खाली एक तिरपी.
तिरपी!
तिरप्या पट्टीचा क्रूस पुजणारी गावात अकरा घरं,
नदीपलीकडे, निळ्या घुमटाच्या बाजूला.
आणि पेन इतकं दाबून धरणारी त्यात एकच म्हातारी,
येव्दोकिया.
टेबलाभोवती आम्ही सहाजण. सहाही जणांनी ओळखलं.

ह्यूबर्ट म्हणाला, ही प्रार्थना आहे, मत नव्हे. बाद करा.
अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. रेघा छेदतात का?
छेदतात.
चौकटीत?
चौकटीतच, फक्त शेपूट खालच्या उमेदवाराच्या अंगणात गेलंय.
ह्यूबर्ट पुन्हा म्हणाला, पण तिनं मागितलं काय, देवाला ठाऊक.
मग देवालाच असू दे, मी म्हणालो.
दिवसभरातलं माझं ते पहिलं वाक्य.
मत वैध धरलं. एका गठ्ठ्यावर ठेवलं.

परतताना फादरांच्या खिडकीत दिवा होता.
काय झालं, वित्सेंती?
उद्या सकाळी दारावर कागद लागेल, फादर.
नदीपलीकडच्यांनी कुणाला...
मी सायकलची चेन बघत राहिलो, चेन ठीक होती.
तू माझ्याकडे कबुली द्यायला येतोस ना?
येतो. माझी पापं घेऊन येतो, फादर.
हे माझं नाही.

ते काही बोलले नाहीत.
या वेळी त्यांच्या शांततेत
मला कुणाचंच नाव ऐकू आलं नाही.

घरी येऊन हात धुतले. झोप लागेना.
येव्दोकियाचा क्रूस कुणाच्या नावासमोर होता म्हणता?
त्या डबीत आहे ते,
बटणांच्या खाली.