दोन राजधान्या, एक प्रिंट

राजारामपुरी, सातवी गल्ली.
पायगोंडांच्या दुकानात अमोनिया
डोळ्यांत आधी शिरतो, नाकात नंतर.
मी दोन ट्रेसिंग पुढं केली,
चंदीगड आणि ब्राझीलिया.
सबमिशन उद्या अकराला.

एक शहर चौकटींचं, आकडे घातलेलं,
तेराचा तेवढा गाळलेला.
दुसरं लाल मातीवर पंख पसरून,
उडायचं राहून गेलेलं.
तिथं दोन वाट्या आहेत,
एक पालथी, एक उताणी,
त्यांच्याखाली बसून माणसं कायदे करतात.

पायगोंडांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले
आणि मशीन सुरू केलं.
चुकून, असं वाटलं मला.

प्रिंट ओलसर निघाली, जांभळट.
सेक्टर सतराच्या चौकात विमानाचं शेपूट,
तळ्यात तळं.
चष्मा कपाळावर सरकवून ते बघत राहिले.
"रस्तं रुंद हैत. लई रुंद.
पण म्हैस कुठनं न्यायची?"

मी हसले.
झाडांच्या रांगा, उन्हाचा कोन, पायी अंतर,
सगळं होतं माझ्या तक्त्यात.
गंगावेशीत संध्याकाळी
गिऱ्हाइकासमोर धार काढतात,
फेसासकट पेला हातात येतो,
त्याला किती चौरस मीटर लागतात
ते कुठल्या रकान्यात लिहू?

"एकच कागद गेला, एकाचेच द्या,"
सुट्टे मोजत ते म्हणाले.
मी सुरळीला रबर लावत होते
तेव्हा पुन्हा आवाज आला,
"आणि तेरा का न्हाई ओ त्यात?
आमच्यात तेरावी गल्ली हाय की."